पारामारिबोमधील पर्यटन

पारामारिबो ही दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरिनाम या देशाची राजधानी आणि त्या देशातील सर्वांत मोठे शहर आहे. सुरिनाम नदीच्या डाव्या तीरावर, अटलांटिक महासागरापासून थोड्या अंतरावर वसलेल्या या शहराची लोकसंख्या २०१२ च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख ४१ हजार होती. त्या वेळी साऱ्या देशाची लोकसंख्या सुमारे ५ लाख ४२ हजार होती. रिओ दि जानेरो, बोयनोस आइरेस किंवा लिमा यांच्या तुलनेत येथे येणारे प्रवासी फार थोडे. जे येतात त्यांत नेदरलँड्समधून सुट्टीसाठी येणाऱ्या मूळच्या सुरिनामी कुटुंबांचा वाटा मोठा असतो. शहराचा लाकडी बांधणीचा जुना भाग २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

स्रानान टोंगो या स्थानिक बोलीत शहराला ‘फोतो’ म्हणतात. हा शब्द किल्ल्यावरून, म्हणजे ‘फोर्ट’वरून आला. नावाची ही उकल प्रवाशाने ध्यानात ठेवावी, कारण शहराची सुरुवात किल्ल्यापासून झाली आणि त्याच्या इतिहासातील अगदी अलीकडची जखमही त्याच किल्ल्यात झाली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या मध्यास बार्बाडोसचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड विलोबी याने येथे वसाहत स्थापन केली आणि नदीकाठी एक किल्ला उभारला. १६६७ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधील झेलांड प्रांताच्या आरमाराने आब्राहाम क्रेन्सन याच्या नेतृत्वाखाली तो किल्ला जिंकला आणि त्याला ‘झेलांडिया’ असे नाव दिले. त्याच वर्षी झालेल्या ब्रेडाच्या तहात जिंकलेला मुलूख ज्याच्या त्याच्याकडे राहावा असे ठरले. त्यामुळे सुरिनाम डचांकडे राहिले, आणि इंग्रजांनी तीन वर्षे आधी घेतलेले न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे. ‘डचांनी न्यूयॉर्क देऊन सुरिनाम घेतले’ असे वाक्य पर्यटकांना हमखास ऐकवले जाते. ते ऐकायला गंमतीचे आहे. मात्र तहात अशी अदलाबदल नव्हती, हाती असलेले राखण्याचा तो व्यवहार होता. शिवाय त्या काळच्या हिशेबात साखरेची वसाहत अधिक मोलाची मानली जाई, हेही विसरता कामा नये.

१६८३ मध्ये आलेला गव्हर्नर व्हान सोमेल्सडाइक याच्या काळात शहराची आखणी झाली. सारा किनारा दलदलीचा, परंतु त्यातून समुद्राने पूर्वी टाकलेल्या शिंपल्यांचे लांबट उंचवटे गेलेले आहेत. पाणी चटकन निचरून जाणाऱ्या या उंचवट्यांवरूनच पहिले रस्ते काढले गेले. जुन्या शहरातील मुख्य रस्ते आजही त्याच रेषेत आहेत.

शहराचे वैभव साखर, कॉफी, कोको आणि कापूस यांच्या मळ्यांतून आले, आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. नेदरलँड्सने सुरिनाममधील गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपवली. त्या वेळी तीस हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. प्रत्येक गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई देण्यात आली. ती मालकांना मिळाली, मुक्त झालेल्यांना काहीच नाही. उलट त्यांतील बहुतेकांना सरकारी देखरेखीखाली आणखी दहा वर्षे मजुरीचा करार करणे भाग होते. ही मुदत १८७३ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजुरांचे पहिले जहाज आले.

सुरिनाम २५ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला.

लाकडी शहर

जुन्या शहरातील घरे पाहताच ती डच वळणाची आहेत हे कळते, आणि ती हॉलंडमधील नाहीत हेही तितक्याच चटकन कळते. विटांचे जोते, त्यावर लाकडी फळ्यांच्या पांढऱ्या रंगवलेल्या भिंती, गर्द हिरव्या झडपा, उतरते उंच छप्पर आणि समोर सोपा, अशी त्यांची घडण असते. आराखडा युरोपीय, लाकूड येथील जंगलातील, आणि काम करणारे हात बहुतांशी गुलाम सुतार-गवंड्यांचे. वाटरकांट हा नदीकाठचा रस्ता आणि हेंक आरोन मार्ग या दोन ठिकाणी अशा वास्तू एका ओळीत पाहता येतात. हेंक आरोन हे स्वतंत्र सुरिनामचे पहिले पंतप्रधान. त्यांचे नाव मिळण्यापूर्वी हा रस्ता ग्रावेनस्ट्रात म्हणून ओळखला जाई, आणि वयस्क माणसे अजूनही तेच नाव सांगतात.

लाकडी शहराचा शत्रू अग्नी. १८२१ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत चारशेहून अधिक घरे जळाली. वाटरकांटवरील आज दिसणारी बरीच घरे या आगीनंतरची किंवा १८३२ च्या दुसऱ्या मोठ्या आगीनंतरची आहेत. १८३२ ची आग पळून गेलेल्या गुलामांनी लावली असे ठरवण्यात आले. त्यांतील कोजो, मेंटॉर आणि प्रेझेंट या तिघांना २६ जानेवारी १८३३ रोजी भर चौकात जिवंत जाळण्यात आले. वसाहतीच्या कागदपत्रांत ते गुन्हेगार होते. आज त्या जागी त्यांच्या नावाचे स्मारक आहे. बाजाराच्या गजबजाटात हे ठिकाण सहज नजरेतून सुटते, म्हणून मुद्दाम विचारून तेथे जावे. वाटरकांटवरील सुंदर घरांची रांग पाहून झाल्यावर तेथे गेले, तर त्या घरांचा अर्थ बदलतो.

आगीची भीती भूतकाळात जमा झालेली नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय विधानसभेची लाकडी इमारत जळून खाक झाली. त्याशिवाय दमट हवा, वाळवी आणि पैशाची चणचण आहेच. मालक परदेशी गेलेले, वारसांची संख्या वाढलेली आणि दुरुस्तीसाठी लागणारा जाणता सुतार दुर्मीळ, अशा तिहेरी अडचणीत सापडलेली घरे जुन्या शहरात पदोपदी आढळतात. एका बाजूला नीट रंगवलेले सरकारी कार्यालय आणि त्याला लागून छप्पर खचलेले, वेलींनी गिळलेले घर, हे दृश्य येथे नेहमीचे आहे. वारसा यादीतील नाव घराचे छप्पर सांभाळत नाही.

संत पीटर आणि संत पॉल यांचे कॅथेड्रल

१८८३ ते १८८५ या काळात उभारलेले हे चर्च अमेरिका खंडांतील मोठ्या लाकडी वास्तूंपैकी एक गणले जाते. बाहेरून ते पिवळसर व निळसर राखाडी रंगात रंगवलेले आहे; आत मात्र रंगाचा हात नाही. सीडर लाकडाचे उघडे खांब, कमानी आणि नक्षी यांमुळे आत शिरताच लाकडाचा मंद वास येतो. वाळवी व कललेल्या मनोऱ्यांमुळे हे चर्च बरीच वर्षे बंद होते. मोठ्या दुरुस्तीनंतर ते २०१० मध्ये पुन्हा उघडले. कुष्ठरुग्णांची सेवा करणारे डच धर्मगुरू पेत्रुस डोंडर्स यांची समाधी येथेच आहे.

कैझरस्ट्रातवरील शेजार

कैझरस्ट्रात या रस्त्यावर नेवे शालोम हे ज्यू सभागृह आणि शहरातील मोठी मशीद एकमेकांना लागून उभी आहेत. पारामारिबोची सर्वाधिक छायाचित्रे बहुधा याच जागेची निघत असावीत. सभागृहाच्या जमिनीवर वाळू पसरलेली असते. इजिप्तमधून सुटून वाळवंटात भटकलेल्या पूर्वजांची ती आठवण आहे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. स्पेन-पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालयाच्या धाकाने लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू टाकत, असे दुसरे. सुरिनाममधील ज्यू समाज सतराव्या शतकापासूनचा आहे. त्यातील अनेक जण मळेवाले आणि गुलामांचे मालक होते, ही बाजूही मार्गदर्शकाने सांगायला हवी. ती नेहमी सांगितली जातेच असे नाही.

झेलांडिया किल्ला

किल्ला आकाराने लहान आहे. विटांच्या व दगडांच्या भिंती, मधले अंगण, झाडांची सावली आणि खाली संथ, गढूळ नदी यांमुळे तो प्रथमदर्शनी रम्य वाटतो. वसाहतकाळात तो दीर्घकाळ तुरुंग होता. येथे गुलामांना शिक्षा दिल्या जात. आता त्यात सुरिनाम संग्रहालय आहे.

२५ फेब्रुवारी १९८० रोजी सोळा सार्जंटांनी सरकार उलथवले आणि देसी बौटर्से हा देशाचा सत्ताधीश झाला. ८ डिसेंबर १९८२ रोजी लष्करी राजवटीच्या पंधरा विरोधकांना, ज्यांत वकील, पत्रकार, प्राध्यापक आणि कामगार पुढारी होते, या किल्ल्यात गोळ्या घालून ठार मारण्यात आले. ही घटना ‘डिसेंबर हत्याकांड’ म्हणून ओळखली जाते. बौटर्से पुढे २०१० ते २०२० या काळात निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष होता. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला या प्रकरणी वीस वर्षांची शिक्षा सुनावली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ती अपिलातही कायम झाली. तो तुरुंगात हजर झालाच नाही. अज्ञातवासात असतानाच २०२४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ज्या बुरुजावर हत्या झाल्या तेथे मृतांच्या नावांचा फलक आहे. भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा पाहण्यासाठी आलेल्यांपैकी काही त्या मृतांचे नातेवाईक असू शकतात, एवढे भान ठेवून येथे वावरावे.

किल्ल्यालगतच्या स्वातंत्र्य चौकात राष्ट्राध्यक्षांचा पांढरा प्रासाद आणि मनोऱ्यावर घड्याळ असलेली वित्त मंत्रालयाची विटांची इमारत आहे. रविवारी सकाळी येथे पिंजऱ्यातील गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा भरतात. दोन पिंजरे शेजारी टांगतात, ठरलेल्या वेळात कोणता पक्षी अधिक वेळा शीळ घालतो ते खडूने फळ्यावर मांडतात, आणि मालक श्वास रोखून उभे राहतात. आठवडाभर शहरातील पुरुष आपला पक्षी पिंजऱ्यासह बरोबर घेऊन हिंडताना दिसतात, त्याचे कारण हे. प्रासादामागील ‘पाल्मेनटाउन’ या बागेत उंच रॉयल पाम वृक्षांच्या रांगा आहेत.

हिंदुस्तानी वारसा

‘लल्ला रूख’ हे जहाज २६ फेब्रुवारी १८७३ रोजी कोलकात्याहून निघाले आणि त्याच वर्षी ५ जूनला पारामारिबोस पोहोचले. ३९९ माणसे किनाऱ्यावर उतरली. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार हिंदुस्थानी मजूर सुरिनाममध्ये आले. ते प्रामुख्याने आजच्या पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील भोजपुरी आणि अवधी मुलखातील होते. करार पाच वर्षांचा असे. तो संपल्यावर सुमारे एक तृतीयांश लोक परतले, बाकीचे येथेच राहिले. परतीच्या हक्काच्या बदल्यात पुढे जमिनीचा तुकडा आणि १०० गिल्डर दिले जाऊ लागले. जावा बेटातून १८९० पासून १९३९ पर्यंत आणखी सुमारे ३३ हजार मजूर आणले गेले.

२०१२ च्या जनगणनेत देशातील सुमारे २७ टक्के लोकांनी स्वतःस हिंदुस्तानी म्हटले. तो सर्वांत मोठा गट ठरला. त्याखालोखाल जंगलात पळून स्वतंत्र झालेल्या गुलामांचे वंशज असलेले मरून, आणि मग क्रिओल व जावानीज. भोजपुरी-अवधीपासून घडलेली त्यांची ‘सरनामी’ ही भाषा रोमन लिपीत, डच उच्चारांच्या वळणाने लिहिली जाते. हिंदी येणाऱ्या मराठी प्रवाशाला ती कानाने बरीचशी समजते, डोळ्यांनी वाचताना मात्र अडखळायला होते. खासगी बसगाड्यांच्या बाजूंवर हिंदी चित्रपटांतील नट-नट्यांची रंगीत चित्रे रंगवलेली असतात आणि आत ढोलक, हार्मोनियम व धनताल यांच्या साथीचे ‘बैठक गाना’ वाजत असते.

मजूर उतरत त्या जागेजवळ ‘बाबा आणि माई’ हे शिल्प आहे. डोक्याला मुंडासे बांधलेला पुरुष, पदर घेतलेली स्त्री आणि हातात गाठोडे, एवढेच. याच शिल्पाची प्रतिकृती २०१५ मध्ये कोलकात्यात हुगळीकाठच्या सुरिनाम घाटावर, म्हणजे प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला, बसवण्यात आली. आर्य समाजाचे भव्य आर्य दिवाकर मंदिर २००१ मध्ये खुले झाले. फगवा म्हणजे होळी, दिवाळी आणि ईद या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

हिंदुस्तानी, जावानीज आणि क्रिओल यांचे वेगळेपण जपत केलेले सहजीवन पर्यटन-पुस्तिकांत फार गोड रंगवले जाते. प्रत्यक्षात वसाहतीच्या राजवटीने हे गट एकमेकांपासून अलग ठेवले होते. ते एकत्र आलेले पाहून राजवट किती घाबरली, याचे उदाहरण आंतोन द कोम याच्या चरित्रात मिळते. गुलामीत जन्मलेल्या बापाचा हा मुलगा १८९८ मध्ये पारामारिबोत जन्मला. १९३३ च्या आरंभी तो नेदरलँड्सहून परतला आणि घराच्या अंगणात बसून मजुरांच्या तक्रारी लिहून घेऊ लागला. क्रिओलांबरोबर हिंदुस्तानी आणि जावानीजही मोठ्या संख्येने येत. सरकारने त्याला अटक केली. ७ फेब्रुवारी १९३३ रोजी त्याच्या सुटकेसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. दोन जण ठार व अनेक जखमी झाले. द कोमला हद्दपार करण्यात आले. १९३४ मध्ये त्याचे सुरिनामच्या गुलामगिरीवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. दुसऱ्या महायुद्धात नाझीविरोधी कार्यामुळे पकडला जाऊन १९४५ मध्ये तो छळछावणीत मरण पावला. शहरातील विद्यापीठाला त्याचे नाव आहे.

खाद्यपदार्थ

‘रोती’ म्हणजे येथे संपूर्ण जेवण: मऊ पोळी, मसाल्यातील कोंबडी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगांची भाजी आणि उकडलेले अंडे. पोळीच्या आत बहुधा पिवळी डाळ भरतात. दिसायला पुरणपोळीची आठवण व्हावी, पण चव तिखटामिठाची. डाळीचा ‘बारा’ हा आपल्या वड्याचाच भाऊ आहे. ‘सावतो’ हे जावानीज कोंबडीचे सार ब्लाउखरोंड भागातील खानावळींत चांगले मिळते. ‘पोम’ हा किसलेला कंद आणि कोंबडी यांचा भट्टीत भाजलेला पदार्थ; तो नसेल तर वाढदिवस झालाच नाही असे म्हणतात. ‘मादाम जनेट’ नावाची पिवळी मिरची दिसायला निरुपद्रवी आणि प्रत्यक्षात भयंकर असते. शाकाहारी प्रवाशाने रोतीच्या दुकानात केवळ भाज्यांची रोती मागावी, ती मिळते.

परिसर

शहरासमोर नदीच्या मध्यावर एका बुडालेल्या जहाजाचा गंजलेला सांगाडा दिसतो. हे ‘गोस्लार’ नावाचे जर्मन मालवाहू जहाज. १० मे १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले, तेव्हा डचांच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनीच ते बुडवले. ते आजवर तेथेच आहे आणि त्यावर झाडेझुडपे उगवली आहेत. त्याच्याजवळून जाणारा उंच पूल २००० मध्ये खुला झाला. त्याआधी पलीकडे जायला होड्या हाच मार्ग होता. लहान होड्या अजूनही चालतात आणि पुलापेक्षा त्यांतून शहर अधिक चांगले दिसते.

पलीकडच्या कोमेवाइन जिल्ह्यात जुने मळे आहेत. सपाट रस्त्यांमुळे सायकलने हिंडण्यास हा भाग उत्तम. मारियनबुर्ग येथील बंद पडलेल्या साखर कारखान्याची यंत्रे जागच्या जागी गंजत उभी आहेत. १९०२ मध्ये मजुरी आणि वागणूक यांवरून येथील हिंदुस्तानी मजुरांनी उठाव केला. व्यवस्थापक मारला गेला. नंतर सैनिकांनी केलेल्या गोळीबारात अनेक मजूर ठार झाले व त्यांना एकत्र पुरण्यात आले. सुरिनाम आणि कोमेवाइन नद्यांच्या संगमावर न्यू ॲमस्टरडॅम नावाचाच अठराव्या शतकातील किल्ला असून तेथे खुले संग्रहालय आहे. संगमाजवळ होडीतून डॉल्फिन पाहता येतात. दक्षिणेस योडेनसवाने या ज्यू वसाहतीचे अवशेष आहेत. त्यांचा २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

प्रवासाची माहिती

झान्देराय येथील योहान आडोल्फ पेंगल आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. भारतातून थेट विमान नाही. ॲमस्टरडॅममार्गे जाणे सोयीचे, आणि तेथून पुढे सुमारे नऊ तास लागतात. देशाच्या अंतर्भागात जाणारी छोटी विमाने शहरातच असलेल्या झोर्ग एन होप या धावपट्टीवरून उडतात. प्रवेशाचे नियम अनेकदा बदलले असल्याने निघण्यापूर्वी ते तपासावेत.

वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असे फक्त सुरिनाम आणि शेजारचा गयाना येथेच आहे; भारतीय प्रवाशास त्यामुळे रस्ता ओलांडताना अडचण येत नाही. चलन सुरिनामी डॉलर. राजभाषा डच, दुकानांत इंग्रजीवर बहुधा भागते. भारतीय वेळ येथील वेळेच्या साडेआठ तास पुढे असते.

हवा बारा महिने उष्ण आणि दमट. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोठा पावसाळा आणि डिसेंबर-जानेवारीत छोटा पावसाळा असतो. अचानक कोसळणाऱ्या जोरदार सरीला ‘सिबिबुसी’ म्हणजे ‘रानाचा झाडू’ म्हणतात. शहर सखल असल्याने अशा सरीनंतर रस्त्यांवर घोटाभर पाणी साचते. फेब्रुवारी ते एप्रिलचा आरंभ आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर हे कोरडे काळ भटकंतीस बरे. १ जुलैचा मुक्तिदिन ‘केटी कोटी’ पाहायचा असल्यास मात्र पावसाची तयारी ठेवूनच जावे. त्या दिवशी क्रिओल स्त्रिया ‘कोतो’ हा घेरदार पोशाख आणि घडी घालून बांधलेला रुमाल परिधान करून रस्त्यांवर येतात, आणि बेड्या तोडणाऱ्या क्वाकूच्या पुतळ्याला नवे वस्त्र नेसवले जाते.

डासांपासून संरक्षण आवश्यक आहे. सुरिनाम पीतज्वराच्या प्रदेशात मोडत असल्याने तेथून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतात उतरताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र ग्राह्य ठरते. ते नसल्यास प्रवाशाला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.